दोन बैल, एक अमावास्या

आज एका खेळण्यापासून सुरुवात करतो. रुआबांध्यातल्या आमच्या घरात पोळ्याच्या दिवशी दोन बैल पूजेला असतात. एक लाकडी, नागपूरहून आणलेला. दुसरा मातीचा, चाकांवर चालणारा, इथल्या बाजारातला नांदिया बैला. यंदा पाच वर्षांच्या नातीने विचारलं, "आजोबा, यातला आपला कोणता?"

तिच्या बापाने लहानपणी हेच विचारलं होतं. तेव्हा मी झटकन लाकडी बैल उचलला आणि शेजाऱ्यांनी दिलेला मातीचा परत करायला लावला. पोरगा छत्तीसगढी समजत मोठा झाला, पण बोलायला कायम बिचकला. चूक माझी होती. म्हणून या वेळी नीट उत्तर दिलं.

लाकडी बैल तान्ह्या पोळ्याचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं तो सजवून घरोघरी नेतात. दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी १८०६ मध्ये ही प्रथा सुरू केली, असं नागपुरात सांगतात. त्याच भोसल्यांचं राज्य छत्तीसगढवरही होतं. १७४१ मध्ये भास्करपंतांच्या स्वारीत रतनपूर पडलं. पुढे बिंबाजी भोसले तिथेच राहून कारभार पाहू लागले. १७८७ मध्ये ते वारले आणि नागपूरचे सुभेदार वसुलीला आले. नातीला मी एवढंच सांगितलं: "आपली भाषा बोलणारे इथे पाहुणे म्हणून आले नव्हते, सैन्य घेऊन आले होते." मुलांना हे कळतं. आपणच उगाच घाबरतो.

मग कॅलेंडर काढलं. आपण म्हणतो श्रावणी अमावास्या. इथे तीच भादोची. आपला महिना अमावास्येला संपतो, यांचा पौर्णिमेला. म्हणजे चंद्र एक, दिवस एक, महिन्याचं नाव तेवढं वेगळं. इथे या सणाला पोरा म्हणतात. मुलींना मातीचं जातं आणि चूल मिळते, घरात ठेठरी-खुरमी होते. तीन दिवसांनी येणारी तीजा म्हणजे आपली हरतालिका. लेकी त्यासाठी माहेरी येतात. शेजारच्या काकींनी नातीला खुरमी वळायला शिकवली, आमची पुरणपोळी त्यांच्याकडे गेली.

पण सण आणि खाऊ दाखवला की ओळख झाली, असं नाही. म्हणून पुढचंही सांगितलं. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं. तेलुगू, मल्याळी, बंगाली, पंजाबी आणि आमच्यासारखी वऱ्हाडी-नागपुरी कुटुंबं कामाला आली. त्यासाठी इथल्या अनेक गावांनी आपली शेतं दिली.

नात मातीचा बैल फिरवता फिरवता थांबली. "मग त्या शेतातले बैल कुठे गेले?"

इतकी वर्षं इथे राहून हा प्रश्न मी कुणालाच विचारला नव्हता. काकींचं माहेर अशाच एका गावातलं. संध्याकाळी आम्ही दोघं दोन्ही बैल घेऊन त्यांच्या ओसरीवर गेलो. नातीनेच विचारलं, छत्तीसगढीत, मोडकंतोडकं. मी गप्प बसून ऐकलं.