जुन्या गुडगुडीची स्वच्छता व तिजवरील पुरावा

कोल्हापुराकडील जुन्या वाड्यांतील माळे रिकामे करूं लागलें म्हणजे समया व तबकें यांबरोबर क्वचित् एखादी गुडगुडीहि हातीं लागते. ती चिंच व राखेनें घासून लख्ख करावी, हा घरच्या मंडळींचा पहिला विचार. त्यापायीं इतिहासाची कोणती हानि होते, तें दाखविणें हा प्रस्तुत टिपणाचा हेतु आहे.

तंबाखू या देशांत पोर्तुगीजांनीं आणिली. अकबराचा वकील असदबेग यास ती १६०४ च्या सुमारास विजापुरास आढळली व रत्नजडित नळीसह ती त्यानें आग्र्यास बादशहापुढें ठेविली. पन्हाळ्याचा मुलूख त्या वेळीं आदिलशाहींतच मोडत होता. म्हणजे आग्र्याच्या दरबारीं ही चाल आपल्या शेजारूनच गेली. पुढें १६१७ मध्यें जहांगिरानें मनाई केली; परंतु व्यसन राहिलें तें राहिलेंच.

दक्षिणेंतील उत्तम गुडगुड्या बिदरी कामाच्या असत. जस्तांत थोडें तांबें मिसळून भांडें ओतीत, त्यावर नक्षी कोरून तींत चांदी बसवीत व शेवटीं नवसागर आणि बिदरच्या किल्ल्यांतील माती यांच्या लेपानें जस्त काळें करीत. हा काळा रंग म्हणजे मळ नव्हे. तें कारागिराचें अखेरचें काम होय. चिंचेच्या आंबटानें नेमकें तेंच नष्ट होतें. पितळी भांड्यावर कोरलेलीं नांवें विटकरीच्या भुकटीनें झिजतात, तीं पुन्हा वाचतां येत नाहींत.

१९४५-४६ सालीं डॉ. सांकळिया व डॉ. दीक्षित यांनीं पंचगंगेकांठीं ब्रह्मपुरीचें उत्खनन केलें. तेथें वस्तूचा काळ ती ज्या थरांत सांपडली त्यावरून ठरविला जातो. माळ्यावरच्या वस्तूस असा थर नसतो. तिजवर बसलेला मळ हाच तिचा थर.

म्हणून प्रथम वस्तूचें छायाचित्र व मोजमाप घ्यावें. धूळ मऊ कुंचल्यानें झाडावी. चिलमींतील काजळी थोडी खरवडून कागदी पुडींत नोंदीसह ठेवावी. रसायनज्ञास तीवरून तंबाखूचा अंश ओळखतां येतो. बिदरी भांडें पाण्यांत बुडवूं नये. कोरड्या फडक्यानें पुसून तेलाचा पुसट हात द्यावा. नळीवरील जुनें कापड फेकूं नये, व नवा भाग जोडलाच तर तो नवा असल्याचें लिहून ठेवावें.

चकाकी केव्हांहि आणितां येते. गेलेला पुरावा परत येत नाहीं.