एका खरेदीखताचा अर्थ व केंटकीचे डोंगर

आमच्या इकडील जुन्या इनामपत्रांत जमिनीबरोबर जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप यांचा उल्लेख येतो, हें वाचकांस सांगावयास नको. जमिनीच्या पाठीवरचें व पोटांतलें मिळून एकच धन, ही समजूत त्या शब्दांमागें आहे. या समजुतीच्या अगदीं उलट अशा एका परदेशी दस्तऐवजाचा विचार आम्हीं येथें करणार आहों. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं केंटकीच्या पूर्वभागीं, अ‍ॅपलाचियन पर्वताच्या रांगांत, या कागदानें जमिनीचे दोन तुकडे केले : वरची जमीन एकाची, खालचा कोळसा दुसऱ्याचा.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभीं खनिजांचे हक्क विकत घेणारे लोक या मुलखांत हिंडूं लागले. त्यांत जॉन सी. सी. मेयो (१८६४–१९१४) हा मूळचा शाळामास्तर सर्वांत प्रसिद्ध आहे. शेतकऱ्यांकडून जें खत लिहून घेत, त्यास ‘ब्रॉड फॉर्म डीड’ म्हणतात. एकरामागें थोडेसे पैसे देऊन भूगर्भांतील सर्व खनिजें खरेदी करावयाचीं. तीं काढण्यास लागेल तें लांकूड, पाणी व वाट वापरण्याची मुभा घ्यावयाची. आणि त्यापायीं जमिनीची नासाडी झाल्यास भरपाई मागणार नाहीं, असेंहि कबूल करून घ्यावयाचें. वरची जमीन व तिचा कर मात्र शेतकऱ्याकडेच राही. लिहितां न येणाऱ्या कित्येकांनीं सहीच्या जागीं फुली केली.

ही फुली करणाराच्या डोळ्यांपुढें काय होतें, हा आमच्या मतें मुख्य प्रश्न आहे. डोंगराच्या कुशींत एक भुयार, कुदळ-फावडें, खेंचरांनीं ओढलेल्या गाड्या, एवढेंच त्यास ठाऊक होतें. वर मका पिकेल, गुरें चरतील, वाडवडिलांचीं थडगीं जागच्या जागीं राहतील, असें त्यानें गृहीत धरलें असल्यास नवल नाहीं. डोंगर वरून सोलून काढणारीं यंत्रें या मुलखांत पसरलीं तीं दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास व त्यानंतर.

यंत्रें आलीं आणि जुन्या कागदाचा अर्थ लावण्याची वेळ आली. १९५६ सालीं ‘बुकॅनन विरुद्ध वॉटसन’ या खटल्यांत केंटकीच्या वरिष्ठ न्यायालयानें ठरविलें कीं, खनिजाच्या मालकास वरून खोदण्याचाहि हक्क आहे व बुद्ध्या किंवा बेफिकीरपणें केलेली नासाडी सोडल्यास भरपाई देण्याचें कारण नाहीं. उलट निर्णयानें कोळशाच्या धंद्यास धक्का बसेल, असेंहि न्यायालयानें म्हटलें. म्हणजे सही करणाराच्या हेतूपेक्षां धंद्याची सोय वजनदार ठरली.

१९६५ च्या नोव्हेंबरांत नॉट परगण्यांतील ऑली कोम्ब्स ही एकसष्ट वर्षांची विधवा आपल्या घरावरील उतारावर यंत्रापुढें जाऊन बसली. शिपायांनीं तिला हातपाय धरून उचलून नेलें. तिचें तें छायाचित्र वृत्तपत्रांत छापून आलें व थँक्सगिव्हिंगचा सण तिनें तुरुंगांत घालविला. पुढील वर्षीं अशा खोदकामावर निर्बंध घालणारा कायदा केंटकींत झाला. पण कागदाचा अर्थ बदलला नाहीं.

तो बदलण्यास १९८८ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं मतदारांनीं फार मोठ्या बहुमतानें राज्यघटनेंत दुरुस्ती केली : खतांत खोदण्याची रीत सांगितलेली नसेल व विरुद्ध बळकट पुरावा नसेल, तर खत लिहिलें त्या काळीं त्या भागांत जी रीत रूढ होती तिनेंच कोळसा काढावा, असा उभयपक्षांचा हेतु होता असें मानावें. १९९३ सालीं न्यायालयानें ही दुरुस्ती मान्य करून आपला जुना निर्णय रद्द केला. दस्तऐवज त्याच्या काळाच्या प्रकाशांत वाचावा, हा संशोधकाचा साधा नियम प्रस्थापित होण्यास सदतीस वर्षें लागलीं.

तोंवर डोंगरांवर आणखी मोठें संकट आलें होतें. रान तोडावयाचें, सुरुंगांनीं शिखर उडवावयाचें, कोळशाचे थर काढावयाचे आणि उरलेली माती-दगड शेजारच्या दरींत लोटावयाची, ही रीत १९७० नंतर वाढत गेली. खोदल्यावर जमिनीस पूर्वीचा आकार द्यावा, असें १९७७ चा संघराज्याचा कायदा सांगतो; पण सपाट झालेल्या जागेचा पुढें कांहीं उपयोग दाखविल्यास शिखर उडविणारास त्यांतून सूट आहे. सरकारी पाहणीप्रमाणें १९८५ ते २००१ या काळांत केंटकी, वेस्ट व्हर्जिनिया, व्हर्जिनिया व टेनेसी या भागांत सुमारें ७२४ मैल लांबीचे ओढे भरावाखालीं गेले. भरावाखालून झिरपणारें पाणी क्षार व सेलेनियम घेऊन उतरतें, आणि खालच्या ओढ्यांतले नाजुक कीटक नाहींसे होतात. दडपलेल्या मातीवर गवत येतें. पूर्वींचें अरण्य लवकर येत नाहीं. या रीतीस भुयारी खाणीपेक्षां माणसेंहि थोडीं लागतात. तेव्हां डोंगर गेला तरी पोटापाण्याची सोय झाली, असेंहि म्हणतां येत नाहीं.

घटनादुरुस्तीनें जुन्या खतांचा दुरुपयोग थांबविला. परंतु कंपनीनें विकत घेतलेल्या जमिनीवर किंवा मालकाच्या नव्या संमतीनें होणारें काम तिच्या कक्षेबाहेर राहिलें. शिवाय ओढा एका मालकाच्या हद्दींत थांबत नाहीं. खालच्या वस्तींतल्या ज्या माणसानें कोणत्याच कागदावर फुली केली नव्हती, त्याच्याहि दारीं तेंच पाणी येतें.

चुकीचा निर्णय दुसऱ्या निर्णयानें फिरवितां येतो, हें वर दिसलेंच. पण त्या सदतीस वर्षांत जे उतार सोलून निघाले ते १९९३ च्या निकालानें पूर्ववत् झाले नाहींत. कागदाचा अर्थ उशिरां कां होईना सुधारला. डोंगरास ती सोय नाहीं.