टिचबटणाचा शर्ट

सख्यांनो, बाळाच्या झबल्याला आपण टिचबटण लावतो. तेच टिचबटण मोठ्या माणसाच्या शर्टाला कसं आलं, ते आज सांगतो.

आपल्याकडे आधी बंद होते. बाराबंदी तर नावातच सांगते. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत आजही ती दिसते. पुढं कॉलरचा विलायती शर्ट आला, काज-बटण आलं. टिचबटणाचा शर्ट मात्र अमेरिकेतल्या गुराख्यांचा, म्हणजे काऊबॉयचा. डेन्व्हर शहरात जॅक वेल यांनी १९४६ साली शर्टांचा धंदा काढला आणि काजाऐवजी टिचबटणं बसवली. शर्ट खोगिरात अडकला तर बटण टिचकन सुटावं, कापड फाटू नये, माणूस फरपटू नये. खांद्यावर टोकदार कापलेलं दुहेरी कापड, खिशांना झाकणं. हे जॅकबाबा १०७ वर्षं जगले!

आपल्याला हा थाट सिनेमानं दाखवला. १९७५च्या ‘दीवार’मधला अमिताभचा गाठ मारलेला निळा शर्ट आठवतो ना? तो साधाच, गोदी कामगाराचा. अमिताभनीच सांगितलंय, की शर्ट शिवताना फार लांब झाला म्हणून गाठ मारली. शिंप्याची चूक फॅशन झाली. आमच्या हातून एवढा लांब झाला असता तर मजुरीच कापली असती.

अंधेरी, साकीनाका, घाटकोपर भागात शिलाईचे छोटे कारखाने आहेत. धागे तोडणं, बटणं लावणं हे काम आम्हा बायकांकडे घरी येतं. टिचबटणाचा शर्ट आला की दर विचारून घ्यायचा, कारण तो साध्या शर्टाच्या भावात परवडत नाही. खांद्याचं टोक आधी इस्त्रीनं दुमडून मगच टीप मारावी लागते, नाहीतर दोन्ही टोकं सारखी येत नाहीत. खिशांची झाकणं वेगळी. टिचबटणाचे भाग चार, आणि पातळ कापड असेल तर खाली अस्तराचा तुकडा हवाच. साधं बटण चुकलं तर उसवून सरकवता येतं. टिचबटण चुकलं की भोक पडलं, शर्ट वाया.

ते नुकसान कोणी भरायचं, हे गटाच्या वहीत ऑर्डर घेण्याआधी लिहून घ्या. पट्टीवर खुणा करून पहिला शर्ट नमुना म्हणून शिवा, मालकाची सही त्या नमुन्यावर घ्या, आणि बाकीचे मग कापायला घ्या.