मातीचा आवाज वजा करताना

५ फेब्रुवारी १८६९ रोजी ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया वसाहतीत, मोलिॲगल या खेड्याजवळ, जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स या दोन कॉर्निश खाणकऱ्यांना एका झाडाच्या मुळांशी, जमिनीखाली जेमतेम इंचभर खोलीवर, सुमारे ७२ किलो वजनाचे सोन्याचे ढेकूळ सापडले. त्यांनी ते घरी नेले आणि चिकटलेली गारगोटी सुटी व्हावी म्हणून विस्तवात तापवले. मग डनॉली गावी बँकेत आणले. एवढ्या वजनाचा तराजू तिथे नव्हता. तेव्हा लोहाराच्या ऐरणीवर घालून त्याचे तुकडे करण्यात आले आणि ते एकेक करून तोलले गेले. तोडण्यापूर्वी त्याचे छायाचित्रही कोणी काढले नाही. आज 'वेलकम स्ट्रेंजर' या नावाने संग्रहालयांतून ज्या प्रतिकृती मांडलेल्या दिसतात, त्या आठवणीने रेखाटलेल्या चित्रावरून घडवलेल्या आहेत. जगातील या सर्वांत मोठ्या सुवर्णपिंडाचा इतिहास असा मूळ वस्तूच्या अभावातून सुरू होतो.

त्यानंतर १११ वर्षांनी, २६ सप्टेंबर १९८० रोजी, त्याच सुवर्णपट्ट्यातील किंगावर येथे केव्हिन हिलियर या गृहस्थांना गॅरेट कंपनीच्या धातुशोधक यंत्राच्या साहाय्याने २७.२१ किलोचे ढेकूळ मिळाले. ते एक फूट खोलीवर उभे रुतून बसले होते. त्याला 'हँड ऑफ फेथ', म्हणजे श्रद्धेचा हात, असे नाव देण्यात आले. राज्याचे पंतप्रधान डिक हॅमर यांनी ८ ऑक्टोबरला पत्रकारांसमोर या शोधाची घोषणा केली. पुढे लास व्हेगासच्या 'गोल्डन नगेट' या जुगारगृहाने दहा लाखांहून अधिक अमेरिकन डॉलर मोजून ते विकत घेतले. धातुशोधकाने सापडलेले हे आजवरचे सर्वांत मोठे ढेकूळ मानले जाते.

ही दुसरी कथा नेहमी दैवाची कथा म्हणून सांगितली जाते. नावापासूनच तशी सोय करून ठेवलेली आहे. परंतु एक साधी गोष्ट ध्यानात घेतली की हा दैववाद अपुरा वाटू लागतो. किंगावर हा काही अज्ञात प्रदेश नव्हता. १८५७ साली याच किंगावरला 'ब्लँच बार्कली' हे सुमारे ५४ किलोचे ढेकूळ निघाले होते. म्हणजे या जमिनीत मोठी ढेकळे असतात हे सव्वाशे वर्षे सर्वांना ठाऊक होते. हजारो माणसांनी ती उकरली, चाळली, धुतली आणि सोडून दिली. तरीही पायाखाली एका फुटावर सत्तावीस किलो सोने शिल्लक राहिले. खरा प्रश्न हिलियर यांना ते कसे मिळाले हा नाही. आधीच्या साऱ्यांना ते का मिळाले नाही, हा आहे.

त्याचे उत्तर त्या काळच्या खोदकामाच्या रीतीत आहे. १८५१ साली व्हिक्टोरियात सोन्याची लाट उसळली तेव्हा वरवरचे सोने पहिल्या काही वर्षांतच बहुतांशी वेचले गेले. मग खाणकरी एक गृहीतक धरून काम करू लागला: प्राचीन ओढ्यांनी वाहून आणलेले सोने जड असल्यामुळे तळाच्या खडकापर्यंत खाली जाते, तेव्हा उभा खड्डा खणून त्या तळाच्या वाळूगोट्यांच्या थराला भिडायचे. गृहीतक चूक नव्हते. बॅलरॅटचे 'वेलकम' नावाचे सुमारे ६९ किलोचे ढेकूळ १८५८ साली असेच खोल खाणीत सापडले. पण या रीतीत वरची सगळी माती 'अडथळा' ठरते. ती उपसून बाजूला टाकायची असते, पाहायची नसते. शिवाय चिकणमातीत पुरते लपेटलेले किंवा लोहमिश्रित खडकाच्या कवचात बसलेले सोने डोळ्यांना दगडासारखेच दिसते. घोडा जुंपून गोल चरांत माती कालवण्याची यंत्रे बेंडिगोच्या परिसरात ठायी ठायी चालत. त्यांतून वितळून न गेलेले मातीचे गोळे आणि मोठे धोंडे वेचून फेकून दिले जात. आजचा सोनशोधक या जुन्या ढिगाऱ्यांवरून आणि दोन खड्ड्यांमधल्या न खणलेल्या पट्ट्यांवरून यंत्र फिरवतो. एकोणिसाव्या शतकाने जे अडगळ म्हणून टाकले, तेच त्याचे क्षेत्र.

हेन्री हँडल रिचर्डसन या लेखिकेची 'द फॉर्च्युन्स ऑफ रिचर्ड महोनी' ही कादंबरीत्रयी (१९१७ ते १९२९) बॅलरॅटच्या एका खड्ड्यात जिवंत गाडल्या गेलेल्या माणसापासून सुरू होते, हे इथे आठवते. लेखिकेचे मूळ नाव एथेल. पुरुषी टोपणनाव घेऊन तिने हा पुरुषी जगाचा इतिहास लिहिला. सुवर्णकाळाविषयी विजयगाथा पुष्कळ आहेत, पण सोन्यासाठी उपसलेली माती माणसावरच कशी परत येते हे या कादंबरीइतक्या स्वच्छपणे फार थोड्यांनी पाहिले आहे. असो.

आता यंत्राकडे वळू. धातुशोधकाची वंशावळ सोन्यापासून सुरू होत नाही. ती एका मरणशय्येपासून सुरू होते. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. शरीरातली गोळी हुडकण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी एक विद्युत्-चुंबकीय तुला सिद्ध केली: तारेची वेटोळी, आणि त्यांच्या समतोलात धातूमुळे व्यत्यय आला की दूरध्वनीच्या श्रवणनलिकेत उमटणारा आवाज. प्रयोगशाळेत ती चालली. रुग्णाच्या खाटेपाशी हरली. गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या, आणि डॉक्टरांनी बेल यांना शरीराची उजवी बाजूच तपासू दिली. शवविच्छेदनात गोळी डावीकडे आढळली. १९ सप्टेंबरला अध्यक्ष वारले. यंत्र ऐकते ते सगळेच ऐकते, नको तेही ऐकते, आणि कुठे ऐकायचे हे यंत्राबाहेरची माणसे ठरवतात. पुढच्या सव्वाशे वर्षांतल्या सगळ्या अडचणी या पहिल्याच प्रसंगात हजर आहेत.

विसाव्या शतकात गेरहार्ड फिशर या जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या तंत्रज्ञाने विमानांच्या दिशादर्शक रेडिओतील चुकांवरून धडा घेऊन जमिनीतले धातू ओळखणारे यंत्र बनवले. त्याचे पेटंट १९३७ चे. दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या युझेफ कोसात्स्की या अधिकाऱ्याने स्कॉटलंडमध्ये असताना पेरलेले सुरुंग शोधणारे हातयंत्र तयार केले, त्याचे पेटंट न घेता ते ब्रिटिश सैन्याला देऊन टाकले, आणि १९४२ साली एल अलामेनच्या वाळूत त्याचा उपयोग झाला. युद्ध संपल्यावर सैन्याची उरलेली यंत्रे नागरी बाजारात आली. मृत्यू टाळण्यासाठी ऐकणारा कान असा नफ्यासाठी ऐकू लागला.

व्हिक्टोरियात मात्र हा कान बराच काळ बधिर ठरला. तिथल्या मातीत लोहाचे प्रमाण मोठे आहे. आपल्या कोकणातला जांभा ज्यांनी पाहिला आहे त्यांना या तांबड्या, खडेदार मातीची कल्पना येईल. अशा जमिनीवर साधे यंत्र धरले की माती स्वतःच ओरडू लागते, आणि त्या कोलाहलात सोन्याचा बारीक सूर बुडून जातो. म्हणून 'ग्राउंड बॅलन्स' नावाची युक्ती निघाली: आधी नुसत्या मातीचा प्रतिसाद ओळखायचा, मग तो एकूण प्रतिसादातून वजा करायचा, उरेल ते कदाचित धातू. सत्तरीच्या दशकाअखेर ही सोय असलेली यंत्रे ऑस्ट्रेलियात पोहोचली. हिलियर यांचे ढेकूळ १९८० सालीच का निघाले, याचा उलगडा नशिबापेक्षा इथे अधिक होतो.

पुढची मोठी झेप ॲडलेडच्या मिनेलॅब या कंपनीने १९९० च्या दशकात घेतली. भौतिकशास्त्रज्ञ ब्रूस कँडी यांच्या रचनेवर आधारलेली ही यंत्रे जमिनीत सतत लहरी सोडत बसत नाहीत. ती विजेचा एक आखूड ठोका देतात आणि थांबतात. ठोक्यामुळे धातूत क्षणभर भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात व विरत जातात. ते विरणे यंत्र ऐकते. मातीचेही एक विरणे असते, पण त्याची लय वेगळी. वेगवेगळ्या लांबीचे ठोके देऊन ती लय ओळखायची आणि पुसायची. शोधकाच्या कानात एक मंद, अखंड गुणगुण चालू असते. तिच्यात किंचित उंचसखलपणा आला की तो थबकतो. सोने चमकत नाही, ते त्या गुणगुणीत जरासे खोट आणते. पोथीतला पाठभेद हेरणाऱ्या संपादकाला ही एकाग्रता ओळखीची वाटावी.

आपल्याकडे या गोष्टीसाठी शब्द शोधू गेले तर हाताशी येतो तो 'गुप्तधन', आणि तो फसवा आहे. पायाळू माणसाला डोळ्यांत अंजन घातले की पुरलेले धन दिसते, त्यावर नाग राखण करतो, ही आपली जुनी कल्पना. तिच्यापायी घडलेल्या अघोरी प्रकारांना आळा घालण्यासाठी महाराष्ट्राला २०१३ साली कायद्यात तरतूद करावी लागली. पण गुप्तधन कोणीतरी पुरलेले असते. त्याला मालक असतो, हेतू असतो, म्हणूनच राखणदार असतो. भारतातला १८७८ चा निखात निधीचा कायदाही हेच धरून चालतो: दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडला तर कलेक्टरला कळवायचे, मग हक्कदार शोधायचा. किंगावरचे ढेकूळ कोणी पुरलेले नव्हते. त्याला जवळचा मराठी शब्द 'झारेकरी' हा वाटतो. सोनाराच्या दुकानातली राख-धूळ धुऊन त्यातले कण वेचणारा. तोही दुसऱ्याच्या कामातून उरलेले वेचतो. फरक एवढाच की झारेकऱ्याला दुकानाचा मालक ठाऊक असतो.

व्हिक्टोरियात मालकीचा प्रश्न रक्त सांडून सुटला, निदान तसे सांगितले जाते. सोने सापडो न सापडो, दरमहा ३० शिलिंग परवाना शुल्क, वर पोलिसांची झडती. या जाचाविरुद्ध ३ डिसेंबर १८५४ रोजी बॅलरॅटच्या युरेका येथे खाणकऱ्यांनी लाकडी तटामागे उभे राहून सैन्याला तोंड दिले आणि वीसहून अधिक जण मारले गेले. १८५५ साली मासिक परवाना जाऊन वर्षाला एक पौंडाचा 'माइनर्स राइट' आला, त्यासोबत मताधिकारही. त्याच नावाचा परवाना आजही व्हिक्टोरियात मिळतो, दहा वर्षांसाठी. तो असला की खुल्या जमिनीत मिळालेले सोने शोधकाचे. अट अशी की हातातल्या हत्यारांनीच खणायचे आणि खड्डा बुजवायचा.

पण याच १८५५ साली त्याच वसाहतीने जहाजाने येणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर दहा पौंडांचा कर बसवला. तो चुकवण्यासाठी हजारो चिनी खाणकरी शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियातील रोब बंदरात उतरले आणि शेकडो किलोमीटर चालत सुवर्णक्षेत्रात आले. वाटेत १८५७ साली त्यांच्यातल्याच एका तांड्याला अरारटचे समृद्ध सोने सापडले. इतरांनी सोडलेल्या खड्ड्यांतली माती पुन्हा धुण्याची त्यांची चिकाटी प्रसिद्ध होती आणि द्वेषाचे एक कारणही. टाकलेल्या मातीचे पहिले वाचक तेच.

आणि ज्यांना कोणी विचारलेच नाही ते जा जा वुरुंग लोक. बेंडिगोपासून किंगावरपर्यंतचा मुलूख त्यांचा. मेंढपाळ वसाहतवाल्यांनी आणि रोगराईने त्यांची संख्या सोने सापडण्यापूर्वीच खालावली होती. मग खाणींनी जमीनच उलटीपालटी केली. वरची सुपीक माती खाली गेली, खालचा मुरूम वर आला, ओढे गाळाने भरले. ते आपल्या मुलखाला 'उलटा झालेला देश' म्हणतात. हे अलंकारिक बोलणे नाही, भूस्तरांचे शब्दशः वर्णन आहे. २०१३ साली व्हिक्टोरिया सरकारने करार करून त्यांना या भूमीचे पारंपरिक मालक म्हणून मान्यता दिली. 'मातीचा आवाज वजा करणे' हे तांत्रिक परिभाषेतले निरुपद्रवी क्रियापद या संदर्भात तितकेसे निरुपद्रवी राहत नाही, असे मला वाटते.

यंत्राला जे ऐकू येते त्यातले बहुतांश सोने नसतेच. हाताने घडवलेले चौकोनी खिळे, शिशाच्या गोळ्या, डब्यांचे पत्रे, बुटांच्या टाचांच्या नाला, गुंड्या, कधी मध्ये चौकोनी भोक असलेले चिनी नाणे. शोधक त्यांना कचरा म्हणतो आणि खिशात टाकतो, पुन्हा तोच खोटा सूर ऐकायला नको म्हणून. इतिहासकाराच्या दृष्टीने हीच वसाहतीची खरी दप्तरे. खिळा जिथे होता तिथे तंबू होता, तंबू होता तिथे चूल होती. खिळा खिशात गेला की तो नुसता खिळा उरतो. पुरातत्त्वीय स्थळांना कायद्याचे संरक्षण आहे खरे, परंतु रानात एकट्या फिरणाऱ्या माणसामागे कोणता कायदा चालत जाणार? उलट हेही मान्य केले पाहिजे की जुने नकाशे, खाण-निरीक्षकांचे अहवाल, ओढ्यांची विसरलेली नावे आज सर्वांत आस्थेने कोणी वाचत असेल तर ते हे हौशी शोधकच. विद्यापीठांत त्या अहवालांना इतके जिवाभावाचे वाचक क्वचितच मिळत असतील.

२०२३ साली व्हिक्टोरियातच एका शोधकाने ४.६ किलोचा एक दगड जीलाँगच्या सोने-व्यापाऱ्याकडे आणला. त्यात सुमारे २.६ किलो सोने होते. किंमत २,४०,००० ऑस्ट्रेलियन डॉलरच्या घरात. यंत्र फार महागातले नव्हते. त्याने स्वतःचे नाव प्रसिद्ध होऊ दिले नाही, आणि नेमकी जागाही सांगितली नाही. या व्यवसायात ती कोणी सांगत नाही. त्यामुळे १८६९ च्या ढेकळाची वस्तू गेली पण जागा राहिली, तिथे आज स्मारकस्तंभ उभा आहे. आणि यंत्राच्या काळातल्या कित्येक ढेकळांची छायाचित्रे आहेत, वजने आहेत, भाव आहेत, फक्त ती कुठल्या मातीतून आली याची नोंद कोणत्याच नकाशावर नाही.