इंजिन नसलेले मोटार वाहन : ट्रेलरची नोंदणी आणि 'मालक' या शब्दाचा इतिहास

१/ #धागा
नातेपुते हे पुणे–पंढरपूर मार्गावरील, माळशिरस तालुक्यातील गाव. आषाढी वारीत ज्ञानोबा माउलींच्या पालखीचा येथे मुक्काम असतो. गाळपाच्या हंगामात याच परिसरातून उसाच्या ट्रॉल्या सदाशिवनगरच्या कारखान्याकडे जातात. माउलींचा रथ बैल ओढतात, ट्रॉली ट्रॅक्टर ओढतो. इंजिन दोहोंनाही नाही. तरीही कायद्याच्या लेखी ट्रॉली 'मोटार वाहन' आहे, रथ नाही. असे का?

२/ मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २(२८) मध्ये 'मोटार वाहन' या शब्दाची व्याख्या आहे. यांत्रिक शक्तीने चालणारे, रस्त्यावर वापरण्याजोगे वाहन म्हणजे मोटार वाहन, असे सांगून ती पुढे आणखी दोन वस्तू सामावून घेते : वर सांगाडा न चढवलेली चॅसी आणि ट्रेलर. म्हणजे जे स्वतः हलू शकत नाही, तेही मोटार वाहन!

३/ आता एक छोटे उदाहरण घेऊ. समजा, दुधाचे कॅन किंवा वैरण वाहण्यासाठी कुणी वेल्डिंगच्या दुकानात दोन चाकांचा लहानसा गाडा करून घेतला आणि मोटारसायकलच्या मागे जोडला. कलम २(४६) नुसार मोटार वाहनाने ओढले जाणारे, किंवा ओढण्यासाठी केलेले, कोणतेही वाहन 'ट्रेलर' ठरते. वजन किती, चाके किती, हा प्रश्नच तेथे येत नाही. अपवाद दोनच : सेमी-ट्रेलर आणि साइडकार.

४/ साइडकार का वगळली? कारण कलम २(२७) मधील 'मोटारसायकल'च्या व्याख्येतच ती अंतर्भूत आहे. बाजूला जोडलेले चाक हा मोटारसायकलचाच अवयव मानला गेला, मागे जोडलेला गाडा मात्र स्वतंत्र वाहन. स्वतंत्र वाहन म्हटले की स्वतंत्र नोंदणी आली.

५/ ही व्याख्या आली कोठून? १९१४ च्या इंडियन मोटार व्हेइकल्स ॲक्टमध्ये ती आटोपशीर होती : विजेच्या अथवा यांत्रिक शक्तीने चालणारे वाहन. त्या काळी मोटार ही संस्थानिकांची, साहेबांची आणि मोजक्या धनिकांची वस्तू होती. तिचा क्रमांक आणि चालकाचा परवाना यांची नोंद ठेवणे, एवढ्यावर सरकारचे भागत असे.

६/ पहिल्या महायुद्धानंतर चित्र पालटले. लॉऱ्या आणि सर्व्हिस मोटारी रेल्वेचे उतारू व माल पळवू लागल्या. रस्ते आणि रेल्वे यांच्या स्पर्धेविषयीचा मिचेल–कर्कनेस अहवाल १९३३ चा. याच काळजीतून पुढे १९३९ चा मोटार वाहन कायदा आकाराला आला. त्याच्या व्याख्येत ट्रेलरचा स्पष्ट उल्लेख आहे.

७/ कारण उघड आहे. कायद्याचे लक्ष आता केवळ यंत्रावर नव्हते, तर यंत्र जे ओझे वाहते त्यावर होते. रस्ता झिजतो ओझ्याने, भाडे मिळते ओझ्याचे, आणि हूक सुटला तर जीव घेते तेही ओझेच. १ जुलै १९४६ पासून त्रयस्थ व्यक्तीचा विमाही सक्तीचा झाला. नोंद, कर आणि विमा हे तिन्ही धागे अशा रीतीने एकत्र आले.

८/ १९८८ च्या कायद्यातील कलम ६१ खास ट्रेलरसाठी आहे. इतर मोटार वाहनांच्या नोंदणीचे नियम ट्रेलरलाही लागू होतात. ट्रेलरचा स्वतःचा क्रमांक त्याच्या बाजूवर लिहायचा आणि ओढणाऱ्या वाहनाचा क्रमांक ट्रेलरवरही लावायचा. ट्रेलर दोन असतील तर शेवटच्यावर. कारण मागून येणाऱ्याला ट्रॅक्टर दिसत नाही, दिसते ती ट्रॉलीची पाठ.

९/ माळशिरस तालुक्यातील गाड्यांवर आज अकलूजच्या आरटीओचा एमएच-४५ हा संकेत दिसतो, सोलापूरचा एमएच-१३. नोंदणीसाठी नमुना २० मधील अर्ज, नमुना २१ मधील विक्री प्रमाणपत्र आणि नमुना २२ मधील निर्मात्याचे रस्तायोग्यता प्रमाणपत्र लागते. मग नमुना २३ मध्ये नोंदणी प्रमाणपत्र मिळते. त्यालाच आपण 'गाडीचे पुस्तक' म्हणतो.

१०/ घरगुती गाडा अडतो तो येथेच. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ प्रमाणे निर्मात्याला आपल्या वाहनाचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो, आणि हा नियम ट्रेलरलाही लागू आहे. वेल्डिंगच्या दुकानाकडे असे प्रमाणपत्र नसते. प्रमाणपत्र नाही म्हणून नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणून रस्ता नाही.

११/ 'हा तर जुगाड, याला कसली नोंदणी?' हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २०१३ मध्ये, राजस्थानातील एका प्रकरणात, न्यायालयाने निर्वाळा दिला : जुगाड हेही मोटार वाहनच, कायद्याच्या अटी त्यालाही लागू. त्यापूर्वी २००५ मध्ये, कर्नाटकातील एका प्रकरणात, याच न्यायालयाने ट्रॅक्टर आणि ट्रेलर जोडून माल वाहिला जातो तेव्हा ती जोडी मालवाहू वाहन ठरते, असे म्हटले होते.

१२/ आता मूळ मुद्दा. नोंद म्हणजे मालकी का? अमेरिकेत राज्य सरकारे वाहनाच्या मालकीचा स्वतंत्र दाखला देतात, त्याला 'टायटल' म्हणतात. नोंदणी वेगळी, टायटल वेगळे. आपल्याकडे असा वेगळा दाखलाच नाही. वाहन ही जंगम वस्तू असल्याने तिची विक्री १९३० च्या मालविक्री कायद्याने होते, आणि आरटीओतील नोंद हा केवळ पुरावा असतो.

१३/ सातबाऱ्याचा इतिहास वाचणाऱ्यांना हे ओळखीचे वाटेल. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी 'मानली' जाते. ती अंतिम हक्क ठरवत नाही. ब्रिटिश महसूल व्यवस्थेने आपल्याला नोंदवह्या दिल्या, हक्काची हमी दिली नाही.

१४/ परंतु वाहनांच्या बाबतीत एक मोठे वळण आले. १९३९ च्या कायद्यातील 'मालक' या शब्दाच्या व्याख्येत भर होता ताब्यावर : अज्ञान व्यक्तीच्या ताब्यातील वाहनाचा मालक तिचा पालक, आणि भाडेखरेदीच्या वाहनाचा मालक ते ज्याच्या ताब्यात आहे तो. १९८८ च्या कलम २(३०) ने क्रम उलटा केला. ज्याच्या नावावर वाहनाची नोंद आहे, तो मालक. अज्ञान व्यक्ती आणि कर्जाऊ वाहन हे अपवाद तेवढे राहिले.

१५/ परिणाम? २०१८ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयापुढे असे प्रकरण आले की गाडी एकामागून एक अनेकांना विकली गेली, पण आरटीओतील नाव पहिल्याचेच राहिले. पुढे अपघात झाला. भरपाईची जबाबदारी न्यायालयाने नोंदणीकृत मालकावरच ठेवली. अपघातग्रस्ताने विक्रीच्या साखळीत शेवटचा माणूस शोधत फिरावे, हे कायद्याला अपेक्षित नाही, अशी त्यामागची भूमिका.

१६/ 'टीटी फॉर्मवर सही केली, गाडी दिली, विषय संपला' ही आपल्याकडची सर्रास समजूत. कलम ५० काय सांगते? राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतरण कळवावे. ट्रेलर मोटार वाहन असल्याने हेच कलम त्यालाही लागू. ट्रॅक्टरचे पुस्तक नावावर झाले म्हणून ट्रॉलीचे आपोआप होत नाही. ती दोन वाहने आहेत, पुस्तकेही दोन.

१७/ १९१४ मध्ये नोंद ही गाडीची ओळख होती. १९८८ नंतर ती माणसाची जबाबदारी झाली. वस्तू ज्याच्या दारात उभी असेल तो मालक, हा लोकव्यवहार. वहीत ज्याचे नाव असेल तो मालक, हा अपघाताच्या दाव्यातील कायदा. या दोहोंमध्ये जे अंतर पडते, त्याची किंमत कधी जखमी माणूस मोजतो, तर कधी दहा वर्षांपूर्वी ट्रॉली विकून ती विसरून गेलेला शेतकरी.

१८/ हंगाम सुरू होण्यापूर्वी घरातील ट्रॉलीचे पुस्तक एकदा काढून पाहा. नाव कोणाचे आहे? आजोबांचे, चुलत्यांचे, की कोणा अनोळखी विक्रेत्याचे? त्या एका ओळीत शंभर वर्षांचा कायदा दडलेला आहे. उत्तर चकित करणारे असेल, तर या धाग्याखाली जरूर लिहा. (समाप्त)