औरंगाबादची दखनी बोली : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

शहराचा इतिहास प्रामुख्याने वास्तू, शिलालेख, फर्माने आणि दप्तरे यांच्या आधारे लिहिला जातो. शहरात बोलली जाणारी भाषा हेही इतिहासाचे एक साधन आहे, याकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही. इंग्लंडमधील लिव्हरपूल या बंदरात एकोणिसाव्या शतकात, विशेषतः १८४० च्या दशकातील दुष्काळानंतर, आयरिश लोक मोठ्या संख्येने आले आणि त्या शहराच्या इंग्रजीला वेगळे वळण मिळाले. ते वळण आज त्या शहराची ओळख मानले जाते. २०२३ पासून अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या औरंगाबाद शहराची दखनी बोलीही अशाच स्थलांतरांतून घडली. तिच्या वाट्याला मात्र दीर्घकाळ 'अशुद्ध उर्दू' किंवा 'बिघडलेली हिंदी' ही विशेषणेच आली. प्रस्तुत निबंधात या बोलीची ऐतिहासिक जडणघडण तपासण्याचा आणि वरील विशेषणे कितपत योग्य आहेत हे पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

दखनीचा इतिहास औरंगाबाद शहराच्या स्थापनेपूर्वीच सुरू होतो. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये देवगिरीला दौलताबाद हे नाव देऊन तेथे राजधानी हलविली. त्या निमित्ताने दिल्ली परिसरातील सैनिक, कारागीर, व्यापारी व सुफी संत दख्खनमध्ये आले. राजधानी परत गेली, तरी आलेल्यांपैकी अनेकजण येथेच स्थिरावले. त्यांची उत्तरेकडील बोली मराठी मुलखात रुजली. सोळाव्या शतकात पैठणच्या संत एकनाथांनी 'हिंदू-तुर्क संवाद' रचला. दोन भाषा बोलणारे लोक या परिसरात रोजच्या व्यवहारात समोरासमोर येत होते, याची साक्ष या रचनेतून मिळते.

मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी येथे नगर वसविले. त्याचा पुत्र फतेहखान याच्या काळात ते फतेहनगर झाले आणि औरंगजेबाच्या दख्खनच्या दुसऱ्या सुभेदारीत त्यास औरंगाबाद हे नाव मिळाले. पुढे १६८२ मध्ये बादशहा स्वतः लवाजम्यासह येथे आला आणि उत्तरेकडील भाषेचा दुसरा मोठा प्रवाह शहरात मिसळला. आधीची दखनी व नव्याने आलेली दिल्लीची भाषा यांच्या संगमावर वली औरंगाबादीचे काव्य उभे आहे. १७२० च्या सुमारास त्याचा दिवाण दिल्लीस पोहोचला आणि फारसीत रमलेल्या तेथील कवींना आपल्या बोलभाषेत काव्य करण्याची प्रेरणा मिळाली. पुढे दिल्लीच्याच कवींनी भाषाशुद्धीच्या नावाखाली दखनी शब्द वगळण्यास प्रारंभ केला. ज्या बोलीने वाट दाखविली तीच गावंढळ ठरली. याच शतकात औरंगाबादेत सिराज औरंगाबादी लिहीत होता आणि अमृतराय मराठीबरोबर हिंदुस्थानीतही रचना करीत होते. १७६३ मध्ये निजामाची राजधानी हैदराबादला गेली. शहराचे राजकीय वैभव त्यामुळे ओसरले, परंतु बोली मागे राहिली.

बोलीची वैशिष्ट्ये

या बोलीची घडण पाहिली असता तिच्यात दोन थर स्पष्ट दिसतात. 'बातां', 'लोगां', 'औरतां' ही अनेकवचने पंजाब-हरियाणाकडील बोलींशी नाते सांगतात. हा उत्तरेचा जुना थर होय. दुसरा थर मराठीचा आहे. नकारार्थी 'नको' दखनीत 'नक्को' होतो आणि तो कुतुबशाही काळातील काव्यातही आढळतो. मराठीतील निश्चयवाचक 'च' हा 'मैंच', 'वैसाइच' अशा रूपांत जसाच्या तसा उतरला आहे. 'तो येतो म्हणून कळले' या मराठी वाक्यातील 'म्हणून'चे कार्य दखनीत 'बोलके' करतो : 'उनो आता बोलके मालूम हुआ'. प्रमाण उर्दूत भूतकाळी सकर्मक क्रियापदाच्या कर्त्याला लागणारा 'ने' दखनीत बहुधा गळतो.

उच्चारांतील भेदही उद्बोधक आहे. अरबी-फारसीतील कंठमूलीय 'क' मराठीत साधा 'क' झाला, तर दखनीत त्याचा 'ख' झाला. त्यामुळे एकाच बाजारात एकाच मूळ शब्दाची मराठीत 'कायदा' व दखनीत 'खायदा' अशी दोन रूपे ऐकू येतात. दोन भाषिक समाजांनी तो शब्द आपापल्या वळणाने स्वीकारला, एवढाच याचा अर्थ. शब्द उसने घेतले जातात, परंतु 'च' सारखे अव्यय आणि वाक्यरचना दीर्घ सहवासाशिवाय उचलली जात नाही. म्हणून या बोलीचे व्याकरण हाच मराठीभाषकांशी असलेल्या शेजाराचा पुरावा ठरतो.

राजभाषा आणि बोली

हैदराबाद संस्थानात १८८४ च्या सुमारास फारसीच्या जागी उर्दू कारभाराची भाषा झाली. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते. मौलवी अब्दुल हक यांच्यामुळे अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे कार्यालय १९१३ ते १९३८ या काळात औरंगाबादेत होते. १९२१ मध्ये येथूनच 'उर्दू' हे त्रैमासिक निघाले. प्रमाण उर्दूच्या प्रसाराचे केंद्र असलेल्या या शहरातच अब्दुल हक यांनी मुल्ला वजहीच्या 'सबरस' सारखे जुने दखनी ग्रंथ संपादित केले. ग्रंथातील दखनीला असा सन्मान मिळाला, परंतु रस्त्यावरील दखनीला तो मिळाला नाही. मराठीभाषक बहुसंख्य प्रजेला तर स्वतःच्या भाषेत उच्च शिक्षणही दुर्लभ होते.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. मराठीला तिचे न्याय्य स्थान मिळाले. मात्र पाठ्यपुस्तकांची मराठीही मराठवाड्याच्या घरांतील नव्हती. 'मपला-तुपला' म्हणणाऱ्या मुलाला वर्गात 'माझा-तुझा' शिकावे लागले. सिडकोच्या वसाहती आणि चिकलठाणा व वाळूज येथील कारखान्यांमुळे परभणी, बीड, नांदेडकडील 'काय करायलास' ही वळणेही शहरात आली. म्हणजे दखनी आणि मराठवाडी बोली या दोहोंना वेगवेगळ्या काळी प्रमाणभाषेपुढे संकोचावे लागले.

निष्कर्ष

औरंगाबादची दखनी ही कोणत्याही भाषेचे बिघडलेले रूप नाही. तिला स्वतःचे नियम आहेत आणि ते सुमारे सात शतकांच्या इतिहासातून आले आहेत. तिला केवळ एका धर्माची भाषा मानणे हेही इतिहासाला धरून नाही, कारण तिच्या वाक्याच्या सांध्यांत मराठी आहे. आज शाळा व दूरचित्रवाणी यांच्या प्रभावाने तरुण पिढी प्रमाण हिंदी-उर्दूकडे वळत आहे. शहागंज, बेगमपुरा, किराडपुरा यांसारख्या वस्त्यांतील वृद्धांच्या बोलण्याचे ध्वनिमुद्रण व शब्दसंग्रह हे काम स्थानिक महाविद्यालयांच्या इतिहास, मराठी व उर्दू विभागांनी एकत्रितपणे हाती घ्यावे. पडलेल्या दरवाजाचे दगड तरी शिल्लक राहतात. बोलीचा शेवटचा जाणकार गेला, तर तिचे तेवढेही अवशेष मागे राहत नाहीत.