वहिवाट की हक्क? चवदार तळ्याचा दहा वर्षांचा खटला



२० मार्च १९२७ ला महाडमध्ये काय झालं, हे तुम्हाला माहीत आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसोबत चवदार तळ्यावर गेले, ओंजळीत पाणी घेतलं आणि प्यायले. शाळेच्या पुस्तकात हे आहे, दरवर्षी मार्चमध्ये स्टेटसवरही असतं. पण पुस्तकातला धडा बहुतेक वेळा तिथेच संपतो. पुढे काय झालं? तर पुढे कोर्टकचेरी झाली, आणि ती जवळजवळ दहा वर्षं चालली. आजचा भाग त्या खटल्याचा आहे. तो नीट समजला, तर ‘आमच्याकडे पूर्वीपासून असंच चालतं’ या वाक्याचं कायद्यात नेमकं काय होतं, तेही समजेल.

आधी जागा डोळ्यासमोर आणू. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री घाट उतरून पोलादपूरला येते, तिथून महाडला आणि पुढे बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. पावसाळ्यात या भागात पाणी इतकं, की पूर महाडच्या बाजारपेठेत शिरतो. आणि एप्रिल-मे उजाडला की महाड-पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्या टँकरची वाट बघत बसतात. अशा मुलखात बारमाही पाणी असलेलं तळं म्हणजे किती मोठी गोष्ट, हे तिथल्या माणसाला सांगावं लागत नाही. तेव्हा हा जिल्हा कुलाबा होता. रायगड हे नाव १९८१ मध्ये आलं.

आता कागद बघू, कारण ही सगळी गोष्ट कागदांचीच आहे.

पहिला कागद ४ ऑगस्ट १९२३ चा. सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे मंडळात ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेली किंवा सांभाळली जाणारी पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असा तो ठराव. दुसरा कागद जानेवारी १९२४ चा. महाड नगरपालिकेनं ठराव करून सांगितलं, की अस्पृश्यांनी तळं वापरायला आमची हरकत नाही. म्हणजे कागदावर तळं खुलं झालं. प्रत्यक्षात मात्र तिथे पाणी भरायला जायची कुणाची छाती नव्हती, कारण ठराव करणारी नगरपालिका संरक्षण द्यायला येणार नव्हती.

ही दरी भरून काढण्यासाठी १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांनी तिची तयारी केली होती. दुसऱ्या दिवशी सगळे तळ्यावर गेले. त्यानंतर गावात अफवा उठली, की आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार. परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, माणसं जखमी झाली. मग तळं ‘बाटलं’ म्हणून त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून ‘शुद्धी’ केली गेली. आणि ४ ऑगस्ट १९२७ ला, बोले ठरावाला बरोबर चार वर्षं होत असताना, नगरपालिकेनं आपला १९२४ चा ठराव रद्द करून टाकला.

बाबासाहेबांनी जाहीर केलं, की डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करू. २५ डिसेंबर तारीख ठरली. यावर समोरच्या मंडळींनी जी खेळी केली, ती कायद्याच्या विद्यार्थ्यानं लक्षात ठेवावी अशी आहे. १२ डिसेंबरला त्यांनी महाडच्या दिवाणी कोर्टात दावा लावला. प्रतिवादी आंबेडकर आणि त्यांचे सहकारी. दावा प्रातिनिधिक होता, म्हणजे समोर चार-पाच नावं असली तरी निकाल सगळ्या अस्पृश्य समाजाला लागू व्हावा. दोनच दिवसांत, १४ डिसेंबरला, कोर्टानं तात्पुरता मनाई हुकूम दिला. आजच्या बोलीत ‘स्टे’. खटला संपेपर्यंत यांनी तळ्यावर जायचं नाही.

परिस्थितीची गोची बघा. मार्चमध्ये अडवणारे लाठ्या घेऊन आले होते. डिसेंबरात तेच काम कोर्टाचा शिक्का करत होता. आता पाणी प्यायलं, तर भांडण रूढीशी न राहता थेट सरकारशी होणार.

परिषदेला जागा द्यायलाही गावात कुणी तयार नव्हतं. शेवटी फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. २५ डिसेंबरला तिथे मनुस्मृती जाळली गेली. हजारो लोक तुरुंगात जायच्या तयारीनं आले होते आणि हुकूम मोडावा असं म्हणणारे पुष्कळ होते. कलेक्टर स्वतः परिषदेत येऊन बोलले, बराच खल झाला, आणि अखेर सत्याग्रह तहकूब करायचं ठरलं. लोकांनी गावातून मिरवणूक काढली, तळ्याला वळसा घातला आणि पाण्याला हात न लावता परत गेले. आज वाचताना हे माघार घेतल्यासारखं वाटू शकतं. पण खटला प्रातिनिधिक होता, हे विसरू नका. तो जिंकला असता तर हक्क सगळ्यांना मिळणार होता, आणि हरला असता तर दार सगळ्यांसाठी बंद होणार होतं. बाबासाहेब बॅरिस्टर होते. त्यांना हा हिशोब स्पष्ट दिसत होता.

आता खटल्याच्या पोटात शिरू. वादींचं म्हणणं दोन पायांवर उभं होतं. पहिला पाय: तळं आमच्या मालकीचं आहे, सार्वजनिक नाही. दुसरा पाय: स्मरणातीत काळापासून इथलं पाणी फक्त स्पृश्य हिंदू आणि मुसलमान वापरत आले आहेत. अस्पृश्यांनी ते कधी वापरलं नाही, तेव्हा त्यांना दूर ठेवायचा आम्हाला रूढीनं हक्क आहे.

‘स्मरणातीत काळापासून’ हे शब्द इथे शोभेला आलेले नाहीत. ती कायद्याची अट आहे. ब्रिटिश काळातल्या कोर्टात रूढीला कायद्याची ताकद मिळवायची, तर ती प्राचीन, अखंड, निश्चित आणि वाजवी आहे हे दाखवावं लागे. ही कल्पना इंग्लंडहून आली. तिथे तर कायद्याच्या आठवणीची सीमारेषाच ठरली होती: राजा पहिला रिचर्ड गादीवर आला ते ११८९ साल. शिवाय साधा नियम असा, की जो रूढी सांगतो, त्यानंच ती सिद्ध करायची. पुराव्याचा भार त्याच्या डोक्यावर.

आणि इथेच वादींचं गणित फिसकटलं.

मालकीचा मुद्दा आधी पडला. तळं नगरपालिकेकडे निहित आहे, असं कोर्टानं ठरवलं. १९३१ मध्ये महाडच्या कोर्टानं दाव्याचा निकाल दिला. त्यातला तर्क फार साधा आहे आणि फार मोठा. अस्पृश्य बराच काळ तळं वापरत नव्हते, हे कोर्टानं मान्य केलं. पण सार्वजनिक तळं एका वर्गानं वापरलं आणि दुसऱ्यानं वापरलं नाही, एवढ्यावरून पहिल्या वर्गाला कायदेशीर हक्क मिळत नाही, असं सांगितलं. गावच्या भाषेत सांगायचं, तर मी इतकी वर्षं एसटीत खिडकीशी बसत आलो, म्हणून ती खिडकी माझ्या नावावर होत नाही.

वादी अपिलात गेले. १९३३ मध्ये ठाण्याच्या असिस्टंट जज्जनीही त्यांच्या विरुद्ध निकाल दिला. ही रूढी स्मरणातीत असल्याचं सिद्ध होत नाही, असं त्यांचं मत पडलं. मग दुसरं अपील मुंबई हायकोर्टात. नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी १७ मार्च १९३७ ला निकाल दिला. तळ्यावरच्या ओंजळीला दहा वर्षं पुरी व्हायला तीन दिवस कमी होते. हे ब्रूमफील्ड म्हणजे तेच, ज्यांनी १८ मार्च १९२२ ला अहमदाबादला गांधीजींना राजद्रोहासाठी सहा वर्षांची शिक्षा सुनावली होती.

निकालपत्रात तळ्याचं वर्णन आहे. चार-पाच एकरांचं तळं, भोवती नगरपालिकेचे रस्ते, रस्त्यांपलीकडे मुख्यतः सवर्णांची घरं. तळं किती जुनं, नैसर्गिक की खोदलेलं, कुणालाच माहीत नाही. पाणी पावसाचं आणि थोडं झऱ्यांचं. मग हायकोर्टाचा प्रश्न असा: भोवती सवर्णांची घरं उभी राहण्याआधी इथे कुणाला वेगळं ठेवायचा प्रयत्न तरी झाला असेल का? साक्षीदार सांगतात ते त्यांच्या हयातीतलं. त्याआधी शतकानुशतकं तसंच होतं, असं त्यावरून धरता येत नाही. स्मरणातीत रूढी सिद्ध झालेली नाही. अपील खर्चासह फेटाळलं.

जिंकलो! पण थांबा. त्याच निकालात पुढे एक बारीक गोष्ट आहे. ही रूढी सिद्ध झाली असती, तर ती अवाजवी आहे का, सार्वजनिक हिताविरुद्ध आहे का, आणि तळं नगरपालिकेचं असताना मनाई देता येते का, हे प्रश्न आम्हाला बघावे लागले असते, असं कोर्ट म्हणतं. म्हणजे माणसाला पाण्यापासून दूर ठेवणं अन्याय आहे की नाही, या प्रश्नापर्यंत कोर्ट पोचलंच नाही. पुरावा कमी पडला, म्हणून वादी हरले. दुसऱ्या एखाद्या गावात कुणाकडे जुने भक्कम कागद निघाले असते तर? हा धोका उघडाच राहिला.

आता थोडं लांब जाऊ, थेट उत्तर ध्रुवाच्या बाजूला. कारण ‘स्मरणातीत काळ’ हेच हत्यार तिथे उलट्या हातात दिसतं. नॉर्वे-स्वीडनच्या उत्तरेला सामी हे मूळनिवासी लोक राहतात: रेनडिअर पाळणारे, मासेमारी करणारे. तिथल्या कायद्यातही स्मरणातीत वहिवाटीतून हक्क तयार होतो. २००१ मध्ये नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयानं ‘स्वार्टस्कोगेन’ प्रकरणात मानडालेन खोऱ्यातल्या लोकांची जमिनीवरची सामूहिक मालकी याच आधारावर मान्य केली. जानेवारी २०२० मध्ये स्वीडनच्या सर्वोच्च न्यायालयानं गिर्यास या सामी गटाला त्यांच्या भागातल्या शिकार-मासेमारीचे परवाने देण्याचा हक्क सरकारविरुद्ध मिळवून दिला, तोही स्मरणातीत वहिवाटीवर. सामींचा जुना इतिहास लिखित स्वरूपात फारसा नाही, म्हणून पुरावा तपासताना कोर्टानं ते ध्यानात घेतलं.

महाडशी याचं नातं काय? दोन्हीकडे प्रश्न एकच: जुना काळ कुणाच्या बाजूनं साक्ष देतो? सामींकडे कागद नव्हते, आणि हक्क सिद्ध करायची जबाबदारी त्यांच्यावर होती, म्हणून कोर्टाला भार हलका करावा लागला. महाडच्या अस्पृश्यांकडेही शेदोनशे वर्षांपूर्वी आपण इथे पाणी भरत होतो असा कागद नव्हता. पण दावा समोरच्यांनी लावला होता, म्हणून सिद्ध करायचं ओझं समोरच्यांवर होतं. समजा, बाबासाहेबांनाच वादी होऊन ‘आम्ही पूर्वीपासून पाणी भरत होतो’ असं सिद्ध करावं लागलं असतं, तर? ज्यांना शतकानुशतकं लिहू-वाचू दिलं नाही, त्यांनी पुरावा आणायचा कुठून? वहिवाटीचा कायदा दुबळ्याची जमीन वाचवू शकतो आणि बलवानाची मक्तेदारीही जपू शकतो. कोण कुणाविरुद्ध काय मागतंय, हे बघितल्याशिवाय तो न्यायाचा की अन्यायाचा, हे सांगता येत नाही.

१९३७ मध्ये उघडं राहिलेलं ते भगदाड संविधानानं बुजवलं. कलम १५(२) काढून वाचा. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते वापरताना जातीवरून कुणालाही अडवता येणार नाही, असं तिथे लिहिलंय. कलम १७ नं अस्पृश्यता नष्ट केली. आता रूढी कितीही जुनी असो, तिचं वय विचारायची गरजच उरली नाही. आणि १९५५ चा कायदा, जो आज नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो, त्याचं कलम १२ आणखी एक पाऊल पुढे जातं. अनुसूचित जातीच्या माणसाबाबत अशी अडवणूक झाली, तर ती अस्पृश्यतेपोटीच झाली असं कोर्ट गृहीत धरतं. तसं नव्हतं, हे अडवणाऱ्यानं सिद्ध करायचं. महाडच्या खटल्यात पुराव्याचा भार योगायोगानं योग्य खांद्यावर पडला होता. या कायद्यानं तो जाणूनबुजून तिथे ठेवला.

तुमच्या गावात, वाडीत, सोसायटीत पाण्यावरून, स्मशानावरून, रस्त्यावरून कुणी म्हणालं, ‘इथे पहिल्यापासून अशीच पद्धत आहे,’ तर चवदार तळ्याचा हा खटला त्यांना सांगा. महाडला गेलात तर तळ्याला एक पूर्ण चक्कर मारा. १९२७ च्या डिसेंबरात हजारो माणसं तहानलेली असूनही पाण्याला हात न लावता त्याच तळ्याला वळसा घालून गेली होती, निकालाची वाट बघत.